उपवासकाळ आणि पेलवतील असे संकल्प

अबोली (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. ईस्टरपूर्वीचे पश्चात्तापाचे चाळीस दिवस म्हणजे आपला ख्रिस्ती उपवासकाळ. यंदा त्याचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६ रोजी आहे आणि पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, ५ एप्रिलला. दरवर्षी या दिवसांच्या आधी मी एका वहीत संकल्पांची यादी करते. गेल्या वर्षीची यादी आज पुन्हा उघडली. गोड खाणे बंद, मोबाईलवरची करमणूक बंद, पहाटे ५ वाजता उठून प्रार्थना, रोज शास्त्रातला एक अध्याय आणि कोणावरही चिडायचे नाही, असे पाच संकल्प होते. त्यांच्यापुढे ओळीने चौकटी आखल्या होत्या. नवव्या दिवसापर्यंत सगळ्या चौकटींत खुणा आहेत, दहाव्या दिवशी तीनच आहेत, बाराव्या दिवशी एक अर्धवट खूण आहे आणि त्यानंतर पान कोरे आहे.

मला सलते ते वेगळेच. उत्तम शुक्रवारी, म्हणजे प्रभू येशूच्या क्रुसावरील मरणाच्या दिवशी, मी उपासनेला बसले होते तेव्हा माझे मन क्रुसाकडे नव्हते. ते त्या कोऱ्या पानात अडकले होते. ज्या गोष्टीने मला देवाजवळ न्यायचे तिनेच मला स्वतःत गुंतवून ठेवले, याचे फार वाईट वाटले.

म्हणून अनुभवी मंडळींना विचारते, की ४० दिवस खरोखर निभावतील आणि तरीही उपवासकाळाला शोभतील असे संकल्प कसे निवडावेत? की असा विचार करणेच मुळात चुकीचे आहे?

साधा माणूस

अबोलीताई, पाच फार झाले. एकच घ्या. बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला आहे. तो आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहते आणि बघणारे हसतात. तो दाखला शिष्यत्वाची किंमत ओळखण्याविषयी आहे हे मला ठाऊक आहे, पण हिशेब न करता पाया घालण्याची चूक आपण दर राखेच्या बुधवारी करतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

अरण्यवाट

मी थोडा विरोधी सूर लावतो, ताईंनी राग मानू नये.

‘उद्दिष्ट’, ‘साध्य’, ‘चौकटीतली खूण’ ही सगळी कचेरीतली भाषा आहे. हा काळ पश्चात्तापाचा आहे. बायबलमधला योएल संदेष्टा वस्त्रे फाडण्याऐवजी अंतःकरण फाडायला सांगतो, आणि अंतःकरण फाटले की नाही याची खूण कोणत्याही वहीत करता येत नाही. आजकाल वजन उतरवायचे असते, व्यायाम सुरू करायचा असतो, पहाटे उठायची शिस्त लावायची असते आणि त्यावर उपवासकाळाचे नाव चिकटवले जाते. या गोष्टी वाईट नाहीत, पण त्या वर्षभरात केव्हाही करता येतात आणि त्यांसाठी कपाळाला राख लावून घेण्याची गरज नसते.

दुसरे असे, की मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दानधर्म, प्रार्थना आणि उपवास या तिन्हींबद्दल प्रभूने एकच अट घातली आहे, की ते गुप्तपणे करावे. उपास करताना तोंड धुवावे, डोक्याला तेल लावावे, लोकांना कळू देऊ नये. राखेच्या बुधवारी हाच उतारा वाचला जातो. मग आपले संकल्प चारचौघांत मांडून त्यांवर चर्चा करणे कितपत योग्य आहे, याचाही विचार व्हावा.

तळटीप

अरण्यवाट, आपली काळजी रास्त आहे, पण संकल्प ठरवून घेण्याची पद्धत कचेरीतून आलेली नाही, ती मठांतून आलेली आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिचा ४९वा अध्याय पूर्णपणे उपवासकाळावर आहे. त्यात ते म्हणतात, की खरे तर संन्याशाचे सगळे आयुष्यच उपवासकाळासारखे असावे, पण तेवढे बळ थोड्यांनाच असते, म्हणून निदान या दिवसांत प्रत्येकाने नेहमीच्या नेमात आपल्या इच्छेने थोडी भर घालावी. ती भर कशात घालायची हेही सांगितले आहे: थोडे अन्न, थोडे पेय, थोडी झोप, थोडी वायफळ बडबड कमी करावी आणि पुनरुत्थानाच्या सणाची आनंदाने वाट पाहावी. या कठोर वाटणाऱ्या अध्यायात आनंदाचा उल्लेख दोनदा येतो, हे मला फार मोलाचे वाटते.

याच अध्यायात पुढे असे आहे, की प्रत्येकाने आपण काय करणार आहोत हे मठाधिपतींना आधी सांगावे आणि त्यांच्या संमतीने व प्रार्थनेच्या पाठबळावर ते करावे, कारण न विचारता केलेला त्याग अहंकारात जमा होतो. म्हणजे गुप्तता लोकांच्या कौतुकापासून आहे, सल्ला देणाऱ्यापासून नाही. अबोलीताईंच्या वहीतली त्रुटी मला इथेच दिसते. ती यादी त्यांनी कोणालाच दाखवली नव्हती. एखाद्या समजूतदार व्यक्तीने ती पाहिली असती तर पाचातले चार संकल्प तिने तिथेच खोडले असते.

जाता जाता, ४८व्या अध्यायात उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येकाला एक पुस्तक द्यावे आणि ते त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाचावे असा नियम आहे. एक माणूस, एक पुस्तक, ४० दिवस. याहून नेमके उद्दिष्ट दुसरे कोणते असेल?

साधा माणूस

तळटीप सर, पुस्तकाची गोष्ट मला माहीत नव्हती. मनापासून आभार.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. माझ्या कामाच्या पाळ्या बदलत्या असतात आणि रिकाम्या पोटी बारा तास उभे राहून औषधांची मात्रा मोजणे धोक्याचे आहे, हे मी अनुभवाने सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी हट्टाने उपास केले. एका रात्री एका रुग्णाच्या औषधाची नोंद मी दोनदा वाचली तरी आकडा डोक्यात शिरेना. सुदैवाने सोबतच्या बाईंनी तो तपासून घेतला. त्यानंतर मी धर्मगुरूंकडे गेले. त्यांनी समजावले, की कॅथलिक धर्मविधीप्रमाणे बंधनकारक उपवास राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोनच दिवशी असतो, तोही १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत, आणि आजार किंवा जबाबदारीचे काम असेल तर त्यातूनही मोकळीक घेता येते. ज्यांच्या जिवाची जबाबदारी माझ्यावर आहे त्यांना माझ्या उपासाची किंमत मोजायला लागू नये, हे त्यांचे शब्द मी विसरलेले नाही.

तेव्हापासून माझा संकल्प एकच असतो. रुग्णाच्या खोलीत शिरण्यापूर्वी दाराच्या कडीवर हात ठेवला, की आतल्या माणसाचे नाव मनात एकदा घ्यायचे आणि मग दार उघडायचे. याला दोन सेकंदही लागत नाहीत. पण एका पाळीत मी चाळीसपन्नास वेळा दार उघडते, आणि खाटेच्या क्रमांकाऐवजी नाव घेऊन आत गेले की माझा आवाज आपोआप खाली येतो. पुष्कळदा विसरते. विसरल्याचे खोलीत गेल्यावर ध्यानात आले तर तिथेच नाव घेते.

ओलावा

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ गप्प बसले. दाराच्या कडीची खूण आता माझ्याही लक्षात राहील.

नऊ ते सहा

रात्रपाळीताईंनी जे सहज केले आहे त्याला मानसशास्त्रात आधार आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात मांडलेला विचार असा, की ‘मी अमुक करीन’ एवढे ठरवून माणूस थांबतो तेव्हा पुष्कळदा ते राहून जाते, पण ‘अमुक प्रसंग आला की मी तमुक करीन’ अशी प्रसंगाशी गाठ मारली तर ते होण्याची शक्यता बरीच वाढते. कडीवर हात हा प्रसंग, नाव घेणे ही कृती. ‘कोणावरही चिडायचे नाही’ या संकल्पाला अशी गाठच नाही. त्याऐवजी ‘घरात कोणी आवाज चढवला की उत्तर देण्याआधी मी एक घोट पाणी पिईन’ असे ठरवले तर काही हाती लागेल.

आणखी एक. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांवर केलेला सवयींचा एक अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्यात नवी कृती अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ होता, पण माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. म्हणजे ४० दिवसांत सवय मुरेलच असे धरून चालू नये. त्याच अभ्यासात असेही दिसले, की मध्ये एखादा दिवस चुकला तर एकंदर प्रगतीत फारसा फरक पडत नाही. अबोलीताईंनी बाराव्या दिवशी वही मिटली नसती तर कदाचित पान भरले असते.

अरण्यवाट

नऊ ते सहा, माहिती उपयुक्त आहे. परंतु सवय लागणे हे उपवासकाळाचे फळ आहे का? जी गोष्ट सवयीने होऊ लागली तिच्यात त्याग उरत नाही, असे माझे मत आहे.

नऊ ते सहा

तुमचे म्हणणे निम्मे पटते. पण प्रार्थना सवयीने होऊ लागली तर तिचे मोल कमी होते असे मला वाटत नाही. माझे वडील आयुष्यभर रात्री दिवा मालवण्यापूर्वी गुडघे टेकत. शेवटच्या आजारात त्यांना माणसे ओळखू येईनाशी झाली, तरी दिवा मालवायची वेळ झाली की त्यांचे हात जुळत असत.

पहिलटकर

मी या वाटेवर नवा आहे. यंदा पुनरुत्थानाच्या जागरणविधीत माझा बाप्तिस्मा होणार आहे. एक साधी शंका आहे. मी दिनदर्शिकेवर मोजले तर राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस भरतात. मग ४० कसे म्हणतात, आणि संकल्प नक्की किती दिवसांचा धरायचा?

तळटीप

पहिलटकर, आपले स्वागत. ज्या काळाबद्दल आपण सारे बोलत आहोत तो मुळात पुष्कळ अंशी आपल्यासारख्यांच्या तयारीतूनच आकाराला आला. पहिल्या शतकांत पुनरुत्थानाच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांची उपवासाने व शिकवणीने तयारी करून घेतली जाई आणि पुढे सगळी मंडळी त्यांच्यासोबत ती करू लागली. इ.स. ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्माध्यक्षांच्या परिषदेच्या पाचव्या नियमात या चाळीस दिवसांच्या काळाचा उल्लेख सापडतो.

आता हिशेब. या ४६ दिवसांत ६ रविवार येतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असल्यामुळे त्या दिवशी उपास धरत नाहीत, म्हणून उरतात ४०. कॅथलिकांच्या रोमन विधीत १९६९ च्या सुधारणेनंतर उपवासकाळ पवित्र गुरुवारी, म्हणजे उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी, सायंकाळच्या मिस्सापूर्वी (प्रभुभोजनाच्या उपासनेपूर्वी) संपतो, त्यामुळे तिथली मोजणी जरा निराळी होते. मिलान येथील अँब्रोशियन विधीत तर राखेचा बुधवारच नाही, तिथे काळ रविवारी सुरू होतो. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळी शुद्ध सोमवारी आरंभ करतात आणि रविवार धरून सलग ४० दिवस मोजतात, पवित्र आठवडा त्यानंतर वेगळा. आकडा कुठल्याही पद्धतीने जुळवला तरी त्यामागे बायबलमधली तीच स्मृती आहे: मोशेचे पर्वतावरचे ४० दिवस, एलीयाची होरेबपर्यंतची ४० दिवसांची वाट, निनवेला मिळालेली ४० दिवसांची मुदत आणि प्रभूचे अरण्यातले ४० दिवस.

पहिलटकर

आभारी आहे. मग रविवारी संकल्प सोडायचा का?

साधा माणूस

मी सोडतो. सहा दिवस ओढ धरल्यावर रविवारी मिळालेली मोकळीक मला सणाची आठवण देते आणि सोमवारी पुन्हा लागायला बळ मिळते.

मेणबत्ती

माझ्या मते ते संकल्पावर अवलंबून आहे. गोड सोडले असेल तर रविवारी खावे, त्यात गैर काही नाही. पण कोणाला दुखावून बोलायचे नाही असे ठरवले असेल तर त्याला रविवारची सुट्टी कशी देणार?

अबोलीताईंच्या कोऱ्या पानाबद्दल मात्र मला बोलायचे आहे. माझे वय आता सत्तरच्या पुढे आहे आणि कोरी पाने माझ्याकडेही आहेत. क्रुसाच्या वाटेच्या भक्तीत चौदा स्थाने असतात. त्यांतल्या तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानी प्रभू क्रुसाखाली पडतो. चौदातली तीन स्थाने पडण्याची आहेत, आणि प्रत्येक वेळी आपण तिथे थांबून गुडघे टेकतो. मी पन्नासएक वर्षे ती वाट करते आहे, पण एका वर्षी तिसऱ्या शुक्रवारी माझा संकल्प मोडला आणि त्याच सायंकाळी मी सातव्या स्थानापाशी उभी होते, तेव्हा मला पहिल्यांदा कळले की ही स्थाने माझ्यासाठी ठेवली आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा सुरुवात केली. ताई, तुम्ही बाराव्या दिवशी पडलात, त्यात काही बिघडले नव्हते. तेराव्या दिवशी तुम्हाला कोणी उठा म्हणाले नाही, त्याचे मला वाईट वाटते.

अबोली

मेणबत्तीताई, तुमचा प्रतिसाद वाचून डोळे भरून आले. तळटीप सरांचेही खरे आहे, मी ती यादी कोणालाच दाखवली नव्हती.

ओलावा

मला सोडण्यापेक्षा जोडण्याचा संकल्प जास्त फळला, म्हणून लिहिते. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ५८व्या अध्यायात देवाला कोणता उपास आवडतो ते सांगितले आहे. भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्यावा, बेघराला घरात घ्यावे आणि आपल्याच रक्तामांसाच्या माणसाकडे पाठ फिरवू नये. हे शेवटचे वाचताना मी अडखळले, कारण माझ्या थोरल्या भावाशी मी सहा वर्षे बोलले नव्हते. कारण मालमत्तेचे होते, तपशिलात जात नाही.

मी ठरवले की ‘भावाशी समेट करायचा’ असा संकल्प करायचा नाही, कारण समेट माझ्या एकटीच्या हातात नव्हता. माझ्या हातात होते ते फोन लावणे. म्हणून दर बुधवारी संध्याकाळी ७ वाजता फोन लावायचा, एवढेच ठरले. पहिल्या बुधवारी त्याने उचलला नाही. दुसऱ्या बुधवारी वहिनींनी उचलला आणि तो घरी नाही असे सांगितले, मागे त्याचा खोकला ऐकू येत होता. तिसऱ्या बुधवारी तो स्वतः बोलला, दोन मिनिटे, पावसाबद्दल आणि गुडघ्याबद्दल. चौथ्या वेळी मला पोचायला उशीर झाला आणि ७ वाजून १० मिनिटांनी त्याचाच फोन आला, ‘आज विसरलीस का?’

आमचा वाद अजून मिटलेला नाही. पण बुधवार चालू आहेत.

अरण्यवाट

ओलावाताई, आपला प्रतिसाद मी कालपासून तीनदा वाचला. माझे पहिले म्हणणे मी थोडे बदलतो.

मला भीती होती ती स्वतःभोवती फिरणाऱ्या संकल्पांची. इथे ज्यांचे संकल्प टिकले त्यांच्या संकल्पात दुसरे कोणीतरी माणूस आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. रात्रपाळीताईंच्या खोलीत रुग्ण आहे, आपल्या फोनच्या पलीकडे भाऊ आहे. प्रभूने उपवास, प्रार्थना आणि दानधर्म यांबद्दल एकाच दमात सांगितले, ते तुटक घ्यायचे नव्हते. उपासाने वाचलेले अन्न गरजूच्या ताटात जावे आणि करमणुकीतून काढलेला वेळ कोणाच्या तरी वाट्याला यावा, तर त्या त्यागाला दिशा मिळते. नुसते सोडले तर रिकामी झालेली जागा आपला अहंकार भरून काढतो. ‘उद्दिष्ट’ हा शब्द मला अजूनही रुचत नाही, पण ‘हिशेब करून उचललेले ओझे’ असे म्हटले तर माझी हरकत नाही.

तळटीप

अरण्यवाट, यावरून संत एफ्रेम यांच्या नावाने चालत आलेली प्रार्थना आठवली. पूर्वेकडील मंडळी ती या काळात दंडवत घालत म्हणतात. आळस, निराशा, सत्तेची हाव आणि वायफळ बोलणे दूर कर, आणि माझे स्वतःचे दोष पाहण्याची व भावाला दोष न लावण्याची बुद्धी दे, असा तिचा आशय आहे. ज्याला एकच गोष्ट करायची आहे त्याने ही प्रार्थना रोज म्हटली तरी ४० दिवस पुरून उरेल.

नऊ ते सहा

एक प्रश्न मध्येच विचारतो. लहान मुलांना या काळात काय सांगावे? माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिलाही काही सोडायचे आहे.

मेणबत्ती

तिलाच निवडू द्या आणि एका आठवड्यापुरतेच घेऊ द्या, मग पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. मांस वर्ज्य करण्याचा नियमसुद्धा कॅथलिकांत १४ वर्षे पूर्ण झाल्यावरच लागू होतो, त्यामुळे मुलांवर कसले बंधन नाही. तिने मोडले तर तिला आठवण करून देऊ नका. तुम्ही मोडलात तर मात्र तिला सांगा.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवस विचार करून माझे ठरले आहे. इथे लिहावे की नाही याचा विचार अरण्यवाट यांच्यामुळे केला, पण ज्यांनी सल्ला दिला त्यांच्यापासून लपवणे योग्य वाटले नाही.

माझ्या सासूबाई आमच्याकडे असतात. त्यांची दृष्टी अधू झाल्यापासून त्यांचे शुभवर्तमान कपाटात आहे. रात्रीची भांडी आवरली की मी फोन घेऊन बैठकीच्या खोलीत बसते आणि त्या आतल्या खोलीत जाग्याच असतात, हे मला इतकी वर्षे माहीत आहे. यंदा भांडी आवरून हात पुसले की फोन स्वयंपाकघरातच ठेवायचा आणि त्यांच्या खाटेपाशी बसून मार्ककृत शुभवर्तमानातला थोडा भाग वाचायचा. मार्काचे १६ अध्याय आहेत. ४० दिवसांत विभागले तर अध्यायाचा अर्धा भागही रोज वाचावा लागत नाही. पहाटे ५ चा संकल्प नाही, गोडाचा नाही, चौकटी नाहीत. धाकट्या बहिणीला सांगून ठेवले आहे, की माझा वाचनाचा निरोप दोन दिवस आला नाही तर तिने फोन करून मला उठवायचे. रविवारीही वाचणार आहे, कारण सासूबाईंना रविवारी आणखी एकटे वाटते.

एकच अडचण आहे. त्यांना ऐकायलाही जरा कमी येते आणि मोठ्याने वाचले तर घरातले बाकीचे झोपेतून उठतील. काय करावे?

रात्रपाळी

अबोलीताई, मोठ्याने वाचू नका, सावकाश वाचा. त्यांना कोणत्या कानाने बरे ऐकू येते ते आधी विचारा आणि त्या बाजूला, त्यांच्या अगदी जवळ बसा. दिवा तुमच्या पाठीमागे नको, तुमच्या तोंडावर उजेड पडेल असा ठेवा, म्हणजे दृष्टी अधू असली तरी ओठांची हालचाल त्यांना थोडी कळेल. आवाज जरा जाड काढा, किनऱ्या आवाजातले शब्द उतारवयात लवकर निसटतात. एक वाक्य झाले की थांबा. पहिल्या रात्री चारच ओव्या वाचून झाल्या तरी चालेल.

अबोली

आताच विचारून आले. डावा कान.